दर पावसाळ्यात टर्फच्या त्याच कोपऱ्यात पाणी, तिथलाच जॉइंट उघडा: कारण कुठे शोधायचं

जुलै उजाडला की नाशिकमधल्या टर्फवाल्यांचे मला फोन येऊ लागतात. तक्रार जवळजवळ एकच असते: "एका कोपऱ्यात पाणी थांबतंय आणि तिथला जॉइंट परत सुटलाय. येऊन चिकटवून द्या." मी कृत्रिम गवताची मैदानं बसवण्याची आणि दुरुस्तीची कामं करतो. अशा फोनवर मीही बरीच वर्षं गोंदाचा डबा घेऊन जात होतो. आता जात नाही. आधी पाण्याची नळी आणि पाइपाचा एक तुकडा घेऊन जातो. असं का, ते एका मैदानाच्या उदाहरणावरून सविस्तर लिहितोय. जॉइंट, म्हणजे गवताच्या दोन पट्ट्यांमधला सांधा, एकदा सुटला तर तो गोंदाचा दोष असू शकतो. त्याच जागी पुन्हा सुटला, तर दोष गवताच्या खाली आहे असं धरून चला.

मैदान मखमलाबादच्या बाजूचं. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. मालक स्वतः बागायतदार, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बाग काढून त्यांनी १०० फूट बाय ६० फुटांचं बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलचं टर्फ केलं. गवत ५० मिलिमीटर उंचीचं, धागा पॉलिइथिलीनचा, मागची बाजू पॉलिप्रॉपिलीनच्या विणीवर लॅटेक्सचा थर दिलेली. आत सिलिका वाळू आणि वर रबराचे काळे दाणे, या भरणाला इनफिल म्हणतात. रोल चार मीटर रुंदीचे, लांबीच्या दिशेने टाकलेले. म्हणजे पाच पट्टे आणि चार जॉइंट. शेवटचा पट्टा कापून अरुंद केलेला, त्यामुळे शेवटचा जॉइंट पूर्वेच्या कडेपासून साधारण साडेसात फुटांवर येतो. सुटायचा तो हाच, आणि तोही आग्नेय कोपऱ्याकडच्या चौदा-पंधरा फुटांतच. बाकीचे ८५ फूट एकदम घट्ट.

पहिल्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "पहिल्या वर्षी तर छान होतं, म्हणजे बेस (गवताखालचा थर) चांगला आहे" हा निष्कर्ष मी कितीतरी ठिकाणी ऐकतो. भरावाची जमीन बसायला एखादा पावसाळा लागतोच. पहिल्या वर्षीचं मैदान खालच्या भरावाबद्दल फारसं काही सांगत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात जॉइंट सुटला. मी जुनी पट्टी काढली, नवी टाकली, गोंद लावला, वर वाळूच्या गोण्या ठेवल्या. दिवाळीपर्यंत टिकलं. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. या वेळी कोपरा खोलगट झालाय हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणून गवत उचललं, खाली क्रशरची डस्ट भरली, धुमस मारून लेव्हल केली आणि गवत परत चिकटवलं. पावसाळा संपेपर्यंत आणखी दोनदा चिकटवावं लागलं. चौथ्या पावसाळ्यात तर पाणी आधीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागलं. कोपऱ्यात शेवाळ आलं, कुबट वास येऊ लागला आणि एक मुलगा धावता धावता सुटलेल्या कडेत पाय अडकून पडला. घोटा मुरगळला, त्यावर निभावलं. त्या संध्याकाळी अण्णांनी मैदान बंद केलं. मला म्हणाले, "अरे, बागेत पाणी साचलं तर मी खत बदलत नाही, आधी चर काढतो. पांढऱ्या मुळीला हवा मिळाली नाही तर वरून काहीही द्या, वेल पिवळीच पडणार. तू चार वर्षं वरचंच बघतोयस."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तिसऱ्या वर्षी मी जी डस्ट भरली, तिनेच चौथ्या वर्षीचं दुखणं वाढवलं होतं. ते कसं, हे पुढे येईल.

पाणी कधी दिसतं, ते आधी विचारा

पाहणी सुरू करताना एकही हत्यार लागत नाही. मैदान सांभाळणाऱ्या माणसाला फक्त विचारा: पाणी पाऊस चालू असताना दिसतं, की थांबल्यावर? पाऊस पडताना साचून नंतर अर्ध्या तासात उतरत असेल, तर वरच्या थरातून निचरा मंद आहे. म्हणजे वाळूत माती बसली आहे किंवा गवताच्या मागची, पाणी खाली जायची भोकं तुंबली आहेत. पाऊस थांबून आठ-दहा तास झाले, बाकी मैदान कोरडं झालं आणि तरी सकाळी एका ठिकाणी पाय ठेवला की पचपच आवाज येतो, तर पाणी खाली अडकलंय. आणि रात्री पाऊस नसतानाही सकाळी कोपरा आदल्या संध्याकाळपेक्षा ओला दिसत असेल, तर पाणी बाजूने किंवा खालून येतंय. अण्णांच्या मैदानात दुसरा आणि तिसरा, दोन्ही प्रकार होते. रखवाली करणारे मामा हे दुसऱ्या पावसाळ्यापासून सांगत होते. त्यांना नीट कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसरी खूण रबराच्या दाण्यांची. जोराच्या पावसानंतर मैदानावर काळ्या रेघा उमटतात, ओढ्याच्या काठाला काडीकचरा लागतो तशा. पाणी वरून कोणीकडे वाहिलं, ते या रेघा सांगतात. आमच्या सगळ्या रेघा आग्नेयेकडे जाऊन तिथे दाण्यांचा ढीग झाला होता. पाणी बाहेर काढायचं तोंड मात्र ईशान्येला होतं.

तिसरी गोष्ट लेव्हल. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, पण गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी पुरते. मैदानावर दर दहा फुटांवर खूण करून प्रत्येक ठिकाणची पातळी वहीत लिहून काढायची. वाचन घेताना गवताच्या टोकावर नळी धरू नका, दाणे बाजूला सारून मागच्या कापडापर्यंत जा, कारण इनफिल कुठे जाड, कुठे पातळ असतं आणि ते फसवतं. या कामाला दोघांना दोन-अडीच तास लागतात. आमचं उत्तर असं आलं: कोपरा पाण्याच्या तोंडापेक्षा पावणेदोन इंच खाली. पाण्याने चढावर जाऊन बाहेर पडावं अशी चार वर्षं आमची अपेक्षा होती.

पाइपाच्या तुकड्याची चाचणी

सहा इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा घ्या. दोन्ही तोंडं उघडी. तो गवतावर दाबून बसवा, बाहेरून चिकणमातीने कड लिंपा, आधी थोडं पाणी ओतून जागा भिजवून घ्या आणि मग आत दोन इंच पाणी भरून घड्याळ लावा. गवताच्या धाग्यांमधून थोडं पाणी बाजूला निसटतंच, म्हणून मिळालेल्या आकड्याकडे अचूक माप म्हणून बघू नका. दोन जागांची तुलना करायला मात्र ही चाचणी फार उपयोगी पडते. मी तासाला १८० मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ३ मिलिमीटर, हा हिशेब धरतो. दोन इंच पाणी सतरा-अठरा मिनिटांत उतरलं तर बरं.

आमच्या मैदानाच्या मध्यावर नऊ मिनिटं लागली. कोपऱ्यात चाळीस मिनिटांनंतरही पाणी होतं. इथवर आल्यावर बहुतेक जण "गवताची भोकं बुजली" म्हणून गवताला दोष देतात आणि नवीन गवताचा भाव विचारतात. इथे थांबू नका. त्याच जागचं गवत उचला आणि तीच चाचणी उघड्या बेसवर करा. आम्ही केली, तर तासाभराने पाणी जवळजवळ जसंच्या तसं. गवत निर्दोष होतं, बेसच पाणी घेत नव्हता.

हा एक प्रयोग अर्ध्या दिवसाचा आहे आणि तो लाखांचा खर्च वाचवतो. गवत बदलायचा निर्णय त्याआधी कोणीही घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. चांगलं गवत काढून तसंच दुसरं त्याच बेसवर टाकलेलं मी पाहिलंय, आणि पुढच्या जुलैत मालकाचा चेहराही पाहिलाय.

खाली काय सापडलं

कोपऱ्यातला २८ फूट बाय १८ फुटांचा भाग उघडला. सगळ्यात वर डस्टचा थर, आणि तो पहारीनेच फुटत होता. आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसॉल्ट. क्रशरच्या डस्टमध्ये पिठासारखी बारीक भुकटी भरपूर असते. ही डस्ट पातळ थरात, अर्धा-पाऊण इंच, फक्त खडीच्या फटी भरण्यापुरती टाकली तर चालते. पण लेव्हल करायची म्हणून दोन-तीन इंच टाकली, पाणी मारलं आणि रोलर फिरवला की तिचा गिलावा होतो. आमच्याकडे मूळच्या थरावर मी भरलेली डस्ट मिळून चार इंच झाली होती. खड्डा भरायच्या नादात मी हौदाला सिमेंटचा तळ करून ठेवला होता.

डस्टच्या खाली खडी होती, पण खडीच्या फटींत काळी माती वर चढलेली. खडी आणि माती यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे ते जाड नमद्यासारखं कापड, टाकलंच नव्हतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. वरून माणसं धावतात, खडी खाली रुतते, माती वर येते. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. गोदाकाठच्या या पट्ट्यात ज्याच्याकडे शेती आहे त्याला हे नव्याने सांगायला नको. पण शेताचं टर्फ होताना हे शहाणपण कुठेतरी बाजूला राहतं आणि "जेसीबी लावला, सपाट केलं, झालं" असं होतं.

सपाट कसं केलं, तेही आता कळलं. जमिनीचा नैसर्गिक उतार आग्नेयेला, पुढच्या नाल्याकडे. पश्चिमेची बाजू कापून तीच काळी माती पूर्वेला भरली होती, वर मुरूम. कापलेली बाजू टणक, भरलेली बाजू मऊ. भराव थराथराने दाबलेला नव्हता. तो बसला आणि कोपरा खाली गेला. शिवाय मैदानाभोवती नऊ इंचांची काँक्रीटची पडदी, तिला त्या बाजूला एकही भोक नाही. म्हणजे उताराच्या सगळ्यात खालच्या टोकाला बांध घातलेला आणि तोंड वरच्या अंगाला.

थोडा हिशेब करून बघा. १०० बाय ६० फूट म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर मैदानावर जवळपास २८ हजार लिटर पाणी पडतं, दहा हजारी टँकर धरला तर जवळजवळ तीन. गोदावरीला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढतं ते दिवस तर सोडाच, साध्या जुलैच्या रात्रीचा हा हिशेब आहे. हे पाणी कुठून जाणार, याचं उत्तर कागदावर काढता आलं नाही तर बांधकाम सुरूच करू नये.

पाण्याचा आणि जॉइंटचा संबंध

पॉलिइथिलीनचा धागा पाणी पीत नाही. हॉकी तर १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून कृत्रिम गवतावर आली आणि तिथल्या बऱ्याच मैदानांवर सामन्याआधी मुद्दाम पाणी मारतात. तेव्हा पाण्याने गवत खराब होतं असं नाही. पाणी थांबल्याने मागचा लॅटेक्स आणि गोंद खराब होतात. लॅटेक्स आठवडेच्या आठवडे ओला राहिला की मऊ पडतो, गोंदाची पकड सुटते, आणि खालचा बेस लुसलुशीत असल्यामुळे प्रत्येक पावलाला जॉइंट वर-खाली होतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसंच हे.

यात भर म्हणजे आपण दुरुस्ती करतो तीच चुकीच्या वेळी. जॉइंट ऑगस्टमध्ये सुटतो आणि ऑगस्टमध्येच चिकटवायची घाई होते. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद ओलाव्याशी रासायनिक क्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गोंदात बुडबुडे होतात. वरून गोंद घट्ट दिसतो, आतून तो पावासारखा सच्छिद्र असतो. मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काढलेली पट्टी उलटी करून पाहिली, तर तेच दिसलं. गवताची पाठ हाताला कोरडी लागली तरी तिच्या विणीत ओल असते.

दुरुस्ती कशी केली

पावसाळाभर मैदानाचा तो भाग दोरी बांधून बंद ठेवला. खोदकाम एप्रिलमध्ये, अण्णांची बागेतली खरड छाटणी आटोपल्यावर. खाली माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी ठणठणीत, असताना काम करायचं. चिखलात रोलर फिरवला तर उलट नुकसान होतं.

आधी इनफिल काढलं. ताठ ब्रशने दाणे वर आणून, सुपड्यांनी गोण्यांत भरून सावलीत ठेवले. यात कंटाळा करू नका. भरलेलं गवत तसंच ओढलं तर वजनाने मागची वीण फाटते. रिकामं केल्यावर पट्टे गुंडाळले. घडी घालायची नाही, घडीची खूण नंतर जात नाही.

मग १८ इंच खोल खोदलं. साडेसात ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास माल निघाला. तळाला नाल्याच्या दिशेने उतार दिला, तळ रोलरने दाबला आणि त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल अंथरलं, कडेने पडदीवर वर चढवून. दोन पट्ट्यांचा एकमेकांवर फूटभर चढाव. पूर्वेच्या कडेला चर काढून त्यात चार इंची भोकं असलेला पाइप, त्यालाही कापड गुंडाळलेलं, आणि चाळीस फुटांत पाच इंच उतार. पडदीला कोअर कटरने दोन भोकं पाडून पाइप बाहेरच्या चेंबरमध्ये सोडला आणि तिथून नाल्याकडे.

वर खडी: तळाला ९ इंच ४० एमएम, दोन थरांत दाबून, त्यावर ५ इंच २० एमएम, त्यावर ३ इंच १० एमएम, आणि शेवटी इंचभर धुतलेली जाड कच, म्हणजे खडीचा भरड चुरा. खालचा माल मोठा, वरचा क्रमाने बारीक, म्हणजे वरचा खालच्यात गळून पडत नाही आणि पाणी मात्र वाट काढतं. थेट ४० एमएमवर कच टाकली तर दोन पावसात ती खाली जाते आणि गवताला खळगे पडतात. डस्ट अजिबात वापरली नाही. खडी देणाऱ्याला "धुतलेली पाहिजे" हे दोनदा सांगा आणि गाडी रिकामी होण्याआधी मूठभर माल पाण्याच्या बादलीत टाकून बघा. पाणी गढूळ झालं तर गाडी परत.

उतार किती द्यायचा यावर नेहमी वाद होतो. खेळाडूंना सपाट मैदान हवं असतं, पाण्याला उतार. ६० फुटांत एक टक्का म्हणजे सात इंच, हे बॉक्स क्रिकेटला जाणवतं. अर्धा टक्का म्हणजे साडेतीन इंच, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. खालून निचरा चांगला असेल तर अर्धा टक्का पुरतो. बेस काँक्रीटचा असेल तर मात्र पाणी फक्त वरूनच वाहू शकतं, तिथे मी एक टक्क्याच्या खाली उतरत नाही.

गवत परत टाकण्याआधी एक टँकर मागवला आणि दहा हजार लिटर पाणी त्या कोपऱ्यात सोडलं. मामा चेंबरवर उभे होते. आधी गढूळ धार आली, मग स्वच्छ. टँकर रिकामा झाल्यावर वीस मिनिटांत वर पाय ओला होत नव्हता. ही चाचणी गवत टाकल्यावर करण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा चूक सापडली तरी कोणाची परत उघडायची तयारी नसते.

जॉइंट

गवत उघडं करून एक पूर्ण दिवस तसंच पसरून ठेवलं. उन्हात ते पसरतं, रात्री आकसतं. गुंडाळी सोडल्याबरोबर कापून चिकटवलं तर हिवाळ्यात फट पडते. मे महिन्यात भर दुपारी कापायचं नाही, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. हिवाळ्यात याच्या उलट: दव पूर्ण उडाल्याशिवाय गोंदाचा डबा उघडायचा नाही, आणि निफाडकडे पारा खाली जातो त्या दिवसांत तर अकरा वाजण्याआधी नाहीच.

धाग्याचा कल सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेला हवा. उलटा पडला तर रंग वेगळा दिसतो आणि चेंडू जॉइंटवर दिशा बदलतो. दोन्ही कडा मागून धाग्यांच्या ओळींच्या मधून सरळ कापायच्या, दोन कडांत दोन-एक मिलिमीटरचं अंतर ठेवायचं. फूटभर रुंदीची जॉइंटची पट्टी खाली मधोमध, त्यावर दातेरी थापीने गोंद. थापीचे दात महत्त्वाचे, सपाट थापीने गोंद कुठे जाड, कुठे नुसता पुसलेला राहतो. मग एक कड, मग दुसरी, आणि प्रत्येक फुटाला बोटांनी धागे वर काढत जायचं. एकही धागा खाली गोंदात अडकता कामा नये. वर वाळूच्या गोण्या, चोवीस तास कोणी पाय ठेवायचा नाही. मालक संध्याकाळचे स्लॉट द्यायची घाई करतात. मी आता तो दिवस कामाच्या कागदावरच लिहून घेतो.

मग वाळू, मग रबर, पातळ थरांत, प्रत्येक थरानंतर ब्रश. सगळ्यात शेवटी धाग्याची दहा-पंधरा मिलिमीटर टोकं मोकळी दिसली पाहिजेत. वाळू किती लागते याचा अंदाज लोकांना नसतो. पूर्ण मैदानावर नुसता एक सेंटिमीटर थर म्हणजे जवळजवळ नऊ टन. म्हणून "दोन गोण्या टाकून देतो" हा उपाय म्हणजे नुसतं समाधान.

इनफिल नीट भरलं का, हे तपासायला फुटबॉल दोन मीटर उंचीवरून सोडा. तो साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर उसळला पाहिजे. आधीच्या कोपऱ्यात चेंडू थप्पकन बसायचा.

तुमचं मैदान उघडायच्या आधी

सगळ्याच मैदानांचं दुखणं असं खोल नसतं. पाइपाच्या चाचणीत गवतावर पाणी थांबलं आणि उघड्या बेसवर पटकन उतरलं, तर खोदायची गरज नाही. वरची वाळू बूट आणि वाऱ्याबरोबर आलेल्या मातीने भरली आहे. पाथर्डी फाटा किंवा आडगावकडे, जिथे शेजारी प्लॉट मोकळे आणि रस्ते कच्चे, तिथे हे फार होतं. वरचा इनफिल काढून, चाळून, गवताच्या मागची भोकं सळईने मोकळी करून परत भरलं की काम होतं. दारात जाड जाळीचं पायपुसणं आणि आत येण्याआधी दहा फूट फरशी एवढ्यानेही माती निम्म्यावर येते, असा माझा अनुभव आहे.

बॉलर जिथे पाय आपटतो तिथलाच जॉइंट सुटत असेल आणि पाणी कुठेच नसेल, तर कारण ओढ आहे. तिथे जॉइंट येणारच नाही अशी पट्ट्यांची मांडणी करावी, आणि ते बसवतानाच ठरवावं लागतं.

आणि तुम्ही हे ऑगस्टमध्ये, पाणी साचलेलं असताना वाचत असाल तर गोंद लावू नका. सुटलेला भाग दोरीने बंद करा. कोपऱ्यातला दाण्यांचा ढीग काढून ठेवा. पडदीला सगळ्यात खालच्या जागी एक भोक पाडा. नुसत्या या एका भोकाने अनेक ठिकाणी पाणी निम्म्या वेळात उतरतं. बाकीचं काम उन्हाळ्यासाठी लिहून ठेवा, आणि पाण्याच्या काळ्या रेघांचे फोटो आत्ताच काढा, एप्रिलमध्ये त्या दिसणार नाहीत.

भोक पाडाल तिथे जाळी मात्र लावाच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रबराचे दाणे जुन्या टायरचे असतात आणि तुमच्या चेंबरमधून सुटले की नाल्यातून गोदावरीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा दाणेदार इनफिलच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली, ती २०३१ मध्ये संपते. कारण हेच: प्लॅस्टिक आणि रबराचे बारीक कण मातीत, पाण्यात जाणं. आम्ही चेंबरमध्ये एकामागे एक दोन जाळ्या बसवल्या, पहिली जाड, दुसरी बारीक. पहिल्या महिन्यात मामांनी त्यातून घमेलंभर दाणे काढले, धुऊन वाळवून परत मैदानावर टाकले.

काम झाल्यावर एक पावसाळा पूर्ण गेलाय. आग्नेय कोपऱ्याचा जॉइंट जागचा हललेला नाही. शेवाळ नाही. सप्टेंबरमध्ये लागून चार दिवस पाऊस झाला तेव्हा मी रोज सकाळी सातला जाऊन नळीने लेव्हल घेतली. कोपरा पाव इंच खाली बसला होता, त्यानंतर थांबला. ईशान्येच्या बाजूलाही भराव आहेच आणि तिथे अजून जुनाच बेस, कापड नसलेला. तिथली पाइपाची चाचणी गेल्या वर्षी बारा मिनिटांची होती, यंदा सोळा. अण्णांशी बोलणं झालंय. पुढच्या एप्रिलमध्ये, छाटणी झाली की, ती बाजूही उघडणार आहोत.